डॉक्टरबाईंचे पन्नास मीटर

डॉ. वत्सला निमकर यांची मर्यादा पन्नास मीटर होती. त्यापुढे त्यांनी रायफल उचलल्याचं मी पाहिलं नाही, आणि त्यांच्याबरोबर शेतात गेलेल्या कुणाकडून ऐकलंही नाही.

रायफल पॉइंट टू-टू. कॅनडात शेतावर राहणाऱ्या बहुतेकांकडे असते तशी. काडतूस करंगळीच्या दीड पेराएवढं, आवाज दार आपटल्यासारखा. डॉक्टरबाई अकोल्याच्या. सत्तरच्या दशकात पशुवैद्यकाची पदवी घेऊन इकडे आल्या, सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि ऑन्टॅरिओतल्या लंडनच्या बाहेर चाळीस वर्षं गाई-घोड्यांची डॉक्टरकी केली. नवरा वारल्यावरही दहा एकरांची जागा सोडली नाही. निवृत्तीनंतर आसपासचे घोडेवाले त्यांना बोलवायचे ते ग्राउंडहॉग मारायला. मांजरापेक्षा जाड, तपकिरी रंगाचा हा प्राणी कुरणात बिळं करतो. बिळात पाय गेला की घोड्याचा पाय मोडतो, आणि मोडलेल्या पायाचा घोडा मारावाच लागतो. असे सतरा घोडे आपण मारले, हे बाई आकड्यासकट सांगत.

आकडा हा त्यांच्या बोलण्याचा कणा होता. समोरचा "खूप थंडी होती" म्हणाला की त्या विचारत, "म्हणजे किती?" "थोडं मीठ कमी आहे" म्हटलं तरी "म्हणजे किती?" मी पुण्याच्या एका दैनिकात वीस वर्षं डेस्कवर काढली होती, बातमीदारांना हाच प्रश्न विचारून मी नकोसा झालो होतो. त्यामुळे आमचं जमलं. मी त्या वेळी इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं संपादन करत होतो. २०१५च्या उन्हाळ्यात त्यांच्यावर लिहायला म्हणून गेलो. त्या वर्षी लिहिलं नाही. ते आता लिहितो आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी मला शेतात नेलं. प्रत्येक बिळापासून त्या पावलं मोजत मागे यायच्या आणि जिथे पन्नास मीटर भरतील तिथे एक खुंटी ठोकायच्या. मग खुंटीपाशी पालथं पडून वाट बघायची. प्राणी बाहेर आला, स्थिर बसला, डोकं दिसलं, मागे गोळी अडवणारा मातीचा चढ असला, तर एक गोळी. यातलं एक जरी नसलं तरी घरी.

"पन्नासच का? रायफल तर पुढेही मारते," मी विचारलं.

"काडतुसाच्या खोक्यावर काय लिहिलंय वाच. गोळी दीड मैल जाऊ शकते. जाते रे, कुठेही जाते. प्रश्न पोचल्यावर काय करते हा आहे." त्यांनी गवतावर हात ठेवून दाखवलं. पन्नासला बसवलेला नेम शंभर मीटरवर वीतभर खाली येतो. साधं वारं असलं तर चार बोटं बाजूला जातो. दोनशेच्या पुढे गोळी माणसाच्या उंचीइतकी पडते, म्हणून डोक्यावर आकाशात कुठेतरी धरून मारायची. पोचायला पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं. "आणि याचं मर्मस्थान केवढं, तर अक्रोडाएवढं. लोखंडाच्या पाटीवर मार हवं तर तीनशे मीटरवरून, पाटीला आतडी नसतात. लागणं वेगळं, मरणं वेगळं. मी चाळीस वर्षं नुसतं लागलेली जनावरं बघितली."

बाई शाकाहारी होत्या. मंडळाच्या सहलीत यावरून त्यांची चेष्टा चाले. एकदा मिल्टनच्या एका पार्कात भरीत-भाकरीच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "डॉक्टरबाई, वांग्यालासुद्धा सुरी लावताना कचरता, आणि बंदूक कशी चालवता हो?"

"खात नाही म्हणूनच मला चुकून चालत नाही," बाई म्हणाल्या. "खाणाऱ्याला निदान भुकेचं कारण असतं."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या विनोद करतात असं लोकांना वाटे. त्या बहुतेक वेळा माहिती देत असत.

त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू मला त्यांच्याच तोंडून कळली. इथे आल्यावर पहिली नोकरी मिळाली ती एका गोऱ्या डॉक्टराच्या दवाखान्यात. गाईच्या पोटात हात घालणं बाईमाणसाचं काम नाही, असं म्हणून त्यानं त्यांना दोन वर्षं कुत्र्यांचे पिंजरे धुवायला लावले. पुढे एकोणीस वर्षांनी त्याच्या स्वतःच्या घोडीचं शिंगरू अडलं. तो थकला होता, हात कापत होते, बर्फामुळे दुसरं कुणी येईना. बाई गेल्या. घोडी वाचली, शिंगरू वाचलं. मग त्या त्याच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या आणि शेणा-रक्तानं भरलेले आपले बूट पुढे करून म्हणाल्या, "धुवा."

"धुतले?" मी विचारलं.

"धुतले. दोन्ही."

"मग?"

"मग चहा प्यायले. साखर जास्त होती."

"म्हणजे किती?" असं विचारायची संधी मी सोडली, कारण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असेल असं मला वाटलं होतं आणि ते तिथे नव्हतं. एकोणीस वर्षं सांभाळलेली गोष्ट त्यांनी खाली ठेवली होती, एवढंच.

त्यांची कुत्री तांबू. ठेंगणी, लांबट, तपकिरी, अकरा वर्षांची. उन्हाळ्यात तिला ग्राउंडहॉगनं उकरलेल्या ताज्या मातीच्या ढिगावर झोपायला आवडे. माती गार असते. बाईंच्या जागेच्या मागच्या हद्दीला ओढा आहे. ओढ्यापलीकडचं शेत दुसऱ्याचं, त्याचा रस्ताही दुसरा; गाडीनं तिकडे जायचं तर मोठा वळसा पडतो. २०१६च्या ऑगस्टमध्ये, दुसऱ्यांदा गवत कापून झाल्यावर, एका बुधवारी तांबू ओढ्याकडून सरपटत घरी आली.

बाईंनी तिला बेसमेंटमधल्या जुन्या तपासणी टेबलावर घेतलं आणि स्वतः पोट उघडलं. गोळी आतड्यात होती. पुढचं पोकळ टोक, जे जवळून लागल्यावर फुलासारखं उघडतं, ते उघडलंच नव्हतं. गोळी लांबून, दमून आली होती. तांबू शनिवारी गेली. शेवटची सुई बाईंनीच दिली.

पोलीस अधिकारी येऊन नोंद करून गेला. भला माणूस होता, पण कुणाला विचारणार? बाईंनी मंडळात कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही दोन वाक्यांत. वर एक तिसरं वाक्य आलं, ते मी घरी जाऊन लिहून ठेवलं: "गुरुवारी सकाळीच सुई द्यायला हवी होती; मी मालकीण झाले, डॉक्टर राहिले नाही."

पुढच्या जानेवारीत मिल्टनमध्ये सुहास पाटणकरांच्या घरी संक्रांतीचं जेवण होतं. पाटणकर पन्नाशीचे, एका टेलिकॉम कंपनीत मॅनेजर, नवीन वसाहतीत मोठं घर, बोलके आणि मदतीला तत्पर. कुणाचे विंटर टायर बदलायचे असोत की ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसायचं असो, पाटणकर हजर. त्यांना नेमबाजीचा नाद होता. दुर्बीण, म्हणजे स्कोप, बसवलेली पॉइंट टू-टू घेऊन लांब पल्ल्याच्या स्पर्धांना जात, तीनशे मीटरवरच्या पाट्या वाजवत. बाईंची आणि त्यांची ओळख मीच करून दिली. दोघांना एक विषय मिळेल असं मला वाटलं.

"डॉक्टरबाई, तुम्ही पन्नासवाल्या ना?" पाटणकर हसत म्हणाले. "अहो, आजकालच्या स्कोपनं काय काय होतं सांगू? मागच्या समरला मी एक ग्राउंडहॉग मारला. पॉइंट टू-टूनं. सिंगल शॉट!"

"किती लांबून?"

"दोनशे चौतीस. रेंजफाइंडरवर रीडिंग घेतलं होतं."

"कुठे?"

"तुमच्या लंडनकडेच. कलीगच्या सासऱ्यांचं फार्म आहे, त्यांची परमिशन होती. ओढ्याच्या पलीकडे मातीच्या ढिगावर बसला होता बेटा. ऑगस्ट असेल, गवत नुकतंच कापलं होतं."

बाईंच्या हातात गुळाच्या पोळीचा तुकडा होता. तो त्यांनी ताटात ठेवला. "पडला?"

"उडालाच! मग दिसला नाही. बिळात गेला असणार."

"बघायला गेलात?"

"मध्ये ओढा होता ना. पाणी होतं."

"म्हणजे किती?"

पाटणकरांनी गुडघ्याच्या खाली हात धरून दाखवला.

मी बाईंकडे बघत होतो. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला शिकवाल का हो हे? लांबून मारायचं?" पाटणकर खूश झाले. परतताना गाडीत बाई एवढंच म्हणाल्या, "गुडघ्याएवढं पाणी." ती गोळी कुणाची हे मला तेव्हापासून माहीत होतं, हे इथे नोंदवणं भाग आहे.

मी म्हटलं, "पोलिसांकडे जा. त्यानं तुमच्या हद्दीत गोळी मारली आहे."

"गेले तर दंड होईल. दंड भरला की माणूस मोकळा. मला त्याला मोकळं करायचं नाही."

त्या उन्हाळ्यात बाई चार शनिवार पाटणकरांच्या नेमबाजीच्या रेंजवर गेल्या. पाटणकर मनापासून शिकवत; थर्मासमधून त्यांच्यासाठी चहा आणत, गुडघे दुखतात म्हणून चटई आणत. वारा कसा वाचायचा, स्कोपची चकती किती फिरवायची, सगळं बाईंनी शिकून घेतलं. चौथ्या शनिवारी त्यांनी दोनशे मीटरवरची पाटी दहापैकी सात वेळा वाजवली. पाटणकर टाळ्या वाजवत म्हणाले, "बघा, झालात की नाही आमच्यातल्या!"

"दहापैकी तीन कुठे गेल्या?" बाईंनी विचारलं.

"अहो, जाऊ द्या त्या तीन."

मग बाई म्हणाल्या, "हे सगळं लिहा ना. आपल्या दिवाळी अंकासाठी. तो ऑगस्टचा किस्सासुद्धा. लोकांना आवडेल." मला त्यांनी फोन करून सांगितलं की लेख येईल. मी विचारलं, तुमचं काय ठरलंय? त्या म्हणाल्या, "त्याची नुसती चूक झाली असेल तर मी एक पान लिहीन, कुठेतरी मागे छाप. त्याला एकट्याला कळेल. चुका माझ्याकडूनही झाल्यात."

सप्टेंबरमध्ये लेख आला. पाटणकर चांगलं लिहीत. चार पानं, आकडे अचूक, भाषा खेळकर. तिसऱ्या पानावर तो किस्सा होता, आणि त्यात ही दोन वाक्यं: "दुर्बिणीतून बघणारी माझी लेक म्हणाली, बाबा, दॅट्स अ डॉग. मी म्हटलं, अगं, इतक्या लांबून सगळेच डॉग दिसतात!"

मी ते दोनदा वाचलं आणि बाईंना फोनवर वाचून दाखवलं. मग त्या म्हणाल्या, "ते वाक्य कापू नकोस."

"कापणार नव्हतो."

"माझं पान आता मागे नको. त्याच्या शेजारी. समोरासमोर."

त्यांचं पान दुसऱ्या दिवशी आलं. आरोप नव्हता, नाव नव्हतं. शवचिकित्सेच्या अहवालासारखं: कुत्री, मादी, वय अकरा, वजन नऊ किलो. ओढ्याकाठी मातीच्या ढिगावर झोपण्याची सवय. जखम कुठे, किती मिलिमीटर. गोळी पॉइंट टू-टू, टोक न उघडलेलं. बुधवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी घरी आली, शनिवारी सकाळी नऊ वाजता इंजेक्शन. एकूण बासष्ट तास पन्नास मिनिटं. खाली तांबूचा फोटो, गळ्यात निळा पट्टा.

डेस्कवरचा एक नियम मी कधी मोडला नव्हता: ज्याच्याविषयी छापायचं त्याला आधी दाखवायचं. बाईंना तसं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही, पण "दाखव" म्हणाल्या. मी दोन्ही पानं पाटणकरांना पाठवली. दहा मिनिटांत फोन आला.

"तिनं मुद्दाम केलं हे."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

रविवारी दुपारी ते बाईंच्या घरी गेले. बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. पाटणकर स्वयंपाकघराच्या दारात मोज्यांवर उभे राहिले. बाईंनी बसा म्हटलं नाही.

"डॉक्टरबाई, मला माहीत असतं तर—"

"काय माहीत असतं तर? कुत्रं आहे हे, की माझं आहे हे?"

पाटणकर म्हणाले, "तुम्ही मला सरळ सांगायचं होतं. इतके महिने... मी तुमच्यासाठी चटई आणत होतो हो."

"तुम्ही ओढा ओलांडायचा होता. ती तिथेच पडली होती. आवाज करत असणार. तेव्हा आणली असतीत तर मी तिला वाचवलं असतं, नाहीतर त्याच संध्याकाळी संपवलं असतं. एका तासात. बासष्ट तास कुठून आले? तुमचे बूट भिजू नयेत म्हणून थांबलात, तेवढ्यातून आले."

"माझ्या मुलीचं, ईशाचं वाक्य तरी काढा," पाटणकर म्हणाले. आवाज खाली आला होता. "मी तिला तेव्हा सांगितलं होतं की तो ग्राउंडहॉगच होता. ती तीन-चार दिवस विचारत होती."

"ते वाक्य मी लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंत. विनोद म्हणून."

ते माझ्याकडे वळले. लेख मागे घेता येतो का? येतो, मी म्हटलं, छपाईला जाईपर्यंत लेखकाचा तो हक्क आहे.

"घ्या मागे," बाई म्हणाल्या. "मग माझं पान एकटं छापलं जाईल. वाचकाला संदर्भ लागेल. तुमचं नाव घालावं लागेल."

पाटणकरांनी लेख मागे घेतला नाही. जाताना बूट घालायला ते पायरीवर बसले तेव्हा त्यांना नाडी बांधायला फार वेळ लागला. बाई खिडकीतून ते बघत होत्या. पूर्ण वेळ बघत होत्या.

अंक ऑक्टोबरच्या शेवटी नॉर्थ यॉर्कमधल्या एका हॉलमध्ये, दिवाळीच्या कार्यक्रमात वाटला गेला. बाई मुद्दाम लंडनहून गाडी चालवत आल्या. अंकांच्या टेबलामागे त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाला अंक देताना त्याच पानावर उघडून देत गेल्या. चकलीच्या ताटांभोवतीचं बोलणं हळूहळू कमी झालं. काही जण दोन्ही पानं वाचून पाटणकरांकडे बघत, काहींना जोडता आलं नाही. ज्यांना आलं नाही त्यांना शेजाऱ्यांनी सांगितलं. पाटणकरांची बायको नर्स, तिची ड्यूटी होती. ते मुलीला घेऊन आले होते. आले नसते तरी चाललं असतं. का आले, ते मला माहीत नाही.

ईशा सोळा वर्षांची. तिला मराठी कळतं, वाचता येत नाही. तिनं फोटो बघितला होता. ती टेबलापाशी आली.

"डॉक्टर आजी, इज दिस द वन? फ्रॉम अक्रॉस द क्रीक?"

पाटणकर चार हातांवर ताट घेऊन उभे होते. बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"येस. यू सॉ करेक्टली."

"आय टोल्ड हिम."

"आय नो. त्यांनी ते लिहिलंय." बाईंनी डावीकडच्या पानावर त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि ती दोन्ही वाक्यं तिला वाचून दाखवली. सावकाश, एकही शब्द न गाळता.

मुलगी त्या अक्षरांकडे बघत राहिली. "वॉज दॅट सपोज्ड टु बी फनी?"

"ते बाबांना विचार," बाई म्हणाल्या.

तिनं विचारलं नाही. तिनं अंक मिटला, जाकीट घेतलं आणि ती बाहेर गेली. पाटणकरांनी ताट कुठे ठेवावं हे शोधलं, सापडलं नाही, शेवटी खुर्चीवर ठेवलं आणि तिच्यामागे गेले.

बाई पंधरा मिनिटांनी निघाल्या. मी त्यांना पार्किंगपर्यंत सोडायला गेलो. थंड पाऊस पडत होता, त्यांच्या काचेवर मेपलची पानं चिकटली होती. त्या ती एकेक करून काढत होत्या.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"मला बरं वाटावं म्हणून केलं नव्हतं. त्याला वाटू नये म्हणून केलं."

"आणि मुलीला?"

त्यांनी हातातलं पान खाली टाकलं आणि हात कोटाला पुसला. त्यानंतर वर्षभरात त्यांनी जागा विकली आणि बहिणीकडे व्हँकुव्हरला गेल्या. फोन झाले, भेट झाली नाही.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथे, पार्किंगच्या फाटकापाशी. पाटणकरांची गाडीही तेव्हाच निघत होती. बाईंनी आपली गाडी थांबवली, त्यांना पुढे जायला हात केला. पाटणकर एकटे पुढे बसले होते. शेजारची सीट रिकामी होती. मुलगी मागे, दाराला टेकून, बाहेर तोंड करून. त्यांची गाडी वळली, सिग्नल हिरवा होता, पुढे निघून गेली. रस्ता मोकळा झाला. बाईंच्या गाडीचे मागचे लाल दिवे जळतच राहिले. ब्रेकवरचा पाय त्यांनी काढला नव्हता. मागून कुणीतरी हॉर्न दिला. तरीही काढला नाही.